‘हे बघा’ म्हणायचं नाही: संख्याशास्त्राचे २२ व्हिडिओ करताना

२४ जून २०२४ ला दुपारी सव्वाचारला बाविसावा व्हिडिओ चढला. मी सगळ्यात आधी पंखा लावला. सहा-सात महिने आमच्या घरातली मागची खोली पंख्याविना होती, म्हणजे मी आत असेपर्यंत तरी. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना यापुढे काही सांगायला नको.

मी इथल्या एका कॉलेजात बी.कॉम.ला संख्याशास्त्र शिकवतो, सतरा वर्षं झाली. खडू हातात असला की बोलता येतं, कॅमेरा समोर आला की घसा कोरडा पडतो. गेल्या महिन्याभरात तीन-चार ओळखीच्या प्राध्यापकांनी फोन करून विचारलं, ‘सर, आम्हालाही व्हिडिओचा कोर्स करायचं पत्र आलंय, काय काय लागतं?’ प्रत्येकाला तासभर तेच सांगत होतो, म्हणून लिहून टाकतोय.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मीही सगळ्यांसारखा फोन उभा करून शिकवलं होतं. फोनला टेकू म्हणून डाळीचे डबे. पंचेचाळीस मिनिटांचा तास जसाच्या तसा रेकॉर्ड केला आणि मग कळलं की व्हॉट्सॲपवर तेव्हा १६ एमबीच्या वरचा व्हिडिओ जात नव्हता. मुलाने तुकडे करून दिले. पोरांना ते मागे-पुढे पोचले, कुणाला आधी उत्तर मिळालं आणि दुसऱ्या दिवशी गणित. त्याला आम्ही ऑनलाइन शिक्षण म्हणत होतो. तेव्हा इलाज नव्हता, पण तो प्रकार आणि व्हिडिओचा कोर्स यांत किती फरक आहे हे मला या वेळी समजलं.

पत्र आलं २१ ऑगस्ट २०२३ ला. कॉलेजच्या मूडलवर (ऑनलाइन अभ्यासाची साइट) ‘व्यावसायिक संख्याशास्त्र’ हा कोर्स मराठीतून उभा करायचा, मांडणी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन कोर्सच्या साइटसारखी, चार क्वाड्रंटची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हिडिओ, वाचनाचं साहित्य, चर्चेची जागा आणि स्वतःला तपासण्यासाठी प्रश्न, असे ते चार. स्वयम् २०१७ च्या जुलैत सुरू झालं. तिथल्या कोर्सचे क्रेडिट घ्यायला यूजीसीने २०१६ च्या नियमात २० टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत नेली. त्यामुळे ‘व्हिडिओ म्हणजे जोडीला काहीतरी’ ही समजूत आता चालत नाही. पत्रासोबत नऊ पानी नमुना होता. त्यातली पाच पानं व्हिडिओवर, आणि त्या पाचांपैकी दीड पान लोगो कुठल्या कोपऱ्यात आणि किती मोठा यावर.

मी विषयाचे बावीस तुकडे केले. खरं तर आधी बारा केले होते, प्रत्येकी अर्ध्या तासाचे. ऑगस्टअखेर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, तिथे ज्या मॅडम शिकवायला आल्या होत्या त्यांनी माझी यादी बघून पेन्सिलीने बारावर काट मारली. त्यांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं, पुढे मी तो मिळवून वाचला. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांचा, २०१४ चा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्सचे व्हिडिओ विद्यार्थ्यांनी ६९ लाख वेळा कसे बघितले त्याचा हिशोब. व्हिडिओ कितीही लांब असला तरी मधला विद्यार्थी फार तर सहा मिनिटं टिकतो. (मध्यक म्हणजे काय ते शिकवायला हे उदाहरण मी नंतर वापरलं.) हल्ली कुणीही उठतं आणि ‘सहा मिनिटांच्या वर जायचं नाही’ म्हणून सांगतं. मला तो नियम वाटत नाही. प्रमाण विचलनाचं (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) एक उदाहरण नीट सोडवायला मला अकरा मिनिटं लागली आणि ते तोडलं असतं तर गणिताचा जीव गेला असता. पण सहा मिनिटांचा धाक मनात असला की ‘नमस्कार विद्यार्थी मित्रहो, आजच्या या तासिकेत आपण’ हे आपोआप गळून पडतं. माझे व्हिडिओ सात ते अकरा मिनिटांत बसले.

संहिता लिहायला सप्टेंबर गेला. वर्गात मी कधी वही उघडत नाही, त्यामुळे ‘संहिता कशाला’ अशी घमेंड होती. पहिल्या दोन ओळी कॅमेऱ्यासमोर बोलून बघितल्या आणि गुपचूप लिहायला बसलो. शब्दन् शब्द लिहिला की वाचल्यासारखं वाटतं, नुसते मुद्दे लिहिले की अडखळायला होतं. शेवटी जमलं ते असं: पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन पूर्ण लिहायची, मध्ये फक्त आकडे आणि पायऱ्या. आकडे मात्र लिहायचेच. बोलता बोलता सुचलेल्या आकड्यांची सरासरी कधीच पूर्ण येत नाही.

उदाहरणं मी गावातलीच घेतली. दोन माग आहेत. पहिल्यावर पाच दिवसांत ४८, ५०, ५२, ५०, ५० टॉवेल निघाले, दुसऱ्यावर ३०, ७०, ५०, ४०, ६०. दोन्हींची बेरीज २५०, दोन्हींची सरासरी ५०. मग मालकाने कुठल्या मागावर ऑर्डर घ्यावी? पहिल्याचं प्रमाण विचलन १.२६, दुसऱ्याचं १४.१४. पूर्व भागातल्या, म्हणजे विणकर वस्तीतल्या, पोरांना हे सूत्र सांगायच्या आधीच कळतं, ते म्हणतात, ‘सर, दुसऱ्या मागाला मेस्त्री बोलवायला पाहिजे.’ पाठ्यपुस्तकातली क्रिकेटच्या धावांची उदाहरणं मी वाईट म्हणत नाही, पण मागाचं उदाहरण दिलं की वर्ग हलतो.

९ ऑक्टोबरला तज्ज्ञांकडून संहिता परत आली. शेरे बहुतेक बरोबर होते. एकच टोचला: ‘भाषा बोलीकडे झुकते.’ मी ती तशीच ठेवली आणि उत्तरात लिहिलं, ‘नोंद घेतली.’

सोबत तीन कागद भरायचे होते. साहित्य माझं स्वतःचं आहे आणि दुसऱ्याचं उचललेलं नाही, असं हमीपत्र १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसह. व्हिडिओचे हक्क कॉलेजला दिल्याचं संमतिपत्र. आणि वापरलेल्या प्रत्येक चित्राचा तक्ता: कुठून घेतलं, कुठल्या परवान्यावर. हा तिसरा कागद हलक्यात घेऊ नका. शिकवताना शिक्षकाने दुसऱ्याचं साहित्य वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे, ती ऐकून आपण बिनधास्त असतो. पण वर्गात फळ्यावर लावलेलं चित्र वेगळं आणि जगाला उघडा असलेला व्हिडिओ वेगळा, तिथे त्या सुटीवर भरवसा ठेवून बसू नये. माझ्या संहितेत इंटरनेटवरून घेतलेली चौदा चित्रं होती. चौदाही काढली. मागाचा फोटो शेजारच्या कारखान्यात जाऊन स्वतः काढला, मालकाची चिठ्ठीवर सही घेतली, आलेख हाताने काढले. तक्त्यात चौदा ओळींत ‘स्वनिर्मित’ लिहिताना बरं वाटलं.

आता रेकॉर्डिंग. कॉलेजात स्टुडिओची खोली आहे. हिरवा पडदा, दोन मोठे दिवे, भिंतीला फोम, सगळं छान. तिची वही मात्र ग्रंथपालांकडे, किल्ली शिपायाकडे आणि कॅमेऱ्याचं कार्ड तिसऱ्याच माणसाकडे. नोव्हेंबरच्या तीन आठवड्यांत मला दोनदा वेळ मिळाली. १८ नोव्हेंबरला, दिवाळीची सुटी संपता संपता, मी कोट घालून पहिले दोन भाग तिथे केले. घरी दाखवले. आई म्हणाली, ‘बातम्या सांगणाऱ्यासारखा दिसतोस. पण बातम्या काय आहेत ते कळलं नाही.’ ग्वो वगैरेंच्या त्याच अभ्यासात आहे की स्टुडिओत खर्च करून केलेल्या व्हिडिओपेक्षा शिक्षक आपल्या टेबलाशी बसून साधेपणाने बोलतोय असे व्हिडिओ मुलं जास्त वेळ बघतात, आणि नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत जाणारे जास्त. आईने तो अभ्यास वाचलेला नव्हता.

म्हणून घरीच करायचं ठरलं. खर्च सांगतो, कारण हा प्रश्न सगळे विचारतात. कॉलरला लावायचा वायरचा माइक ८५०, ट्रायपॉड ७००, दोन एलईडी बल्ब होल्डरसह ६४०, लिहिण्यासाठी पेन टॅबलेट ३,२००, एक टीबीची हार्ड डिस्क ४,५००, स्टॅम्प पेपर आणि नोटरी २५०. एकूण १०,१४० रुपये. कॅमेरा म्हणजे माझा फोन. पडद्यावर लिहिलेलं टिपायला ओबीएस, आवाज साफ करायला ऑडॅसिटी, जोडकामाला शॉटकट, तिन्ही फुकट. पैसे कमी असतील तर यातल्या सगळ्याला कात्री लावा, माइकला लावू नका. चित्र थोडं धूसर असलं तरी मुलं चालवून घेतात, आवाज खराब असला की लगेच बंद करतात.

आवाजानेच मला सगळ्यात जास्त छळलं. आमची मागची खोली रिकामी, फरशी गुळगुळीत, बोललं की डब्यात बोलल्यासारखं घुमायचं. फोमच्या पट्ट्यांचा भाव विचारला तर चार-साडेचार हजार. बायको म्हणाली, ‘कपाटात अकरा चादरी आहेत की.’ लग्नकार्यात, सत्कारात, बदलीच्या निरोपाला, सोलापुरात माणसाला दुसरं काय मिळतं? तीन भिंतींना दोऱ्या बांधून दहा टांगल्या, एक टेबलावर अंथरली. घुमणं थांबलं, खरोखर. चादरीला जीआय मानांकन मिळालंय ते यासाठी नक्कीच नसेल. एकच झालं, डिसेंबरात त्या खोलीत ऊब यायची आणि मार्चनंतर भट्टी. आणि पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माइक आधी पकडतो आणि माझा नंतर.

२ डिसेंबरला सुरुवात केली. कामाची पद्धत बसायला चार भाग गेले. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, हे मी तिसऱ्या भागाच्या नवव्या मिनिटाला विमा विकणाऱ्या मुलीचा फोन आल्यावर शिकलो. सुरुवातीला पाच सेकंद काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. त्या पाच सेकंदांतली खोलीची घरघर ऑडॅसिटीला दाखवली की ती तेवढी पूर्ण फाइलमधून कमी करते. मग एक टाळी वाजवायची, म्हणजे फोनचं चित्र आणि माइकचा आवाज जोडताना टाळीवर टाळी बसवता येते. चुकलं तर थांबवायचं नाही, पुन्हा टाळी वाजवून ते वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. आवाजाच्या आलेखात टाळीचं उंच टोक लगेच दिसतं, कात्री कुठे मारायची ते कळतं. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, ‘संध्याकाळी भजन असतंय का तुमच्याकडं?’

दहा मिनिटांच्या एका भागाला सरासरी नऊ-दहा तास लागले: संहिता घासायला तीन, रेकॉर्डिंगला दीड-दोन, जोडकामाला तीन, उरलेले सबटायटलला. पत्रात ‘आठवड्याला तीन भाग’ असं लिहिलं होतं. ज्याने लिहिलं त्याने कधी केले नसावेत.

अडथळे घरचेच. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं आणि वेळ त्याच्या मर्जीची. भाग ६ मध्ये ‘आता आपण बहुलक (सर्वाधिक वेळा येणारा आकडा) काढू’ म्हटल्यावर मागून स्पष्ट ऐकू आलं, ‘पाणी आलंऽऽय!’ मी बहुलक सोडून मोटर लावायला पळालो. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा, नंदीध्वज, अक्षता, घरात पाहुणे, तो आठवडा मी रेकॉर्डिंगचं नावच काढलं नाही. यात्रेत सोलापूरकराने घरात बसून प्रमाण विचलन रेकॉर्ड करणं बरंही दिसत नाही. आणि शेजारचे माग. ते दिवसभर खटक-खटक चालतात, आम्हाला लहानपणापासून ऐकूच येत नाहीत. माइकला येतात. मग सकाळी साडेपाच ते सात ही माझी वेळ ठरली.

पहिले सहा भाग तयार झाल्यावर मी ते माझ्याच वर्गाला बघायला दिले. हे मी आपणहून केलं, पत्रात नव्हतं, आणि सगळ्या प्रक्रियेत हीच गोष्ट कामाची ठरली. आठवड्याने विचारलं, कसं वाटलं? ‘छान सर’, ‘मस्त सर’. वर्गात दुसरं काय सांगणार. तास संपल्यावर कुंभारीच्या विडी घरकुलातून येणारी एक मुलगी दाराशी थांबली.

‘सर, एक बोलू का? मी तुमचे व्हिडिओ बघत नाही, ऐकते.’

‘का गं?’

‘घरी गेल्यावर आईसोबत विड्या वळायला बसावं लागतंय. फोन शेजारी ठेवते आवाज मोठा करून. तुम्ही घडीघडी “हे बघा, इथून हे इथं न्यायचं” म्हणलालाव. माझे हात पानात असतेत, मान वर केली की विडी बिघडतीय. मग रात्री परत लावते, तोवर नेट संपलेलं असतंय.’

मी तिला वळताना कसं असतं ते विचारलं, तर तिने हवेतच करून दाखवलं. भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा. बोटं इतक्या वेगाने फिरली की मला पायऱ्या मोजता आल्या नाहीत. आणि मी मात्र तिला सांगत होतो, ‘हे इथं न्यायचं.’

त्या रात्री मी माझा भाग ४ डोळे मिटून ऐकला. साडेआठ मिनिटांत ‘हे’, ‘इथे’, ‘असं’, ‘बघा’ हे शब्द एकतीस वेळा. डोळे मिटले तर त्या व्हिडिओत काहीच नव्हतं. मी वर्गात फळ्याकडे बोट करून शिकवतो आणि तीच सवय इथे घेऊन आलो होतो, फरक एवढाच की वर्गात पोरं समोर अडकलेली असतात. सहाही भाग मी टाकून दिले. बायकोने डोक्याला हात लावला.

पुन्हा लिहिताना एकच नियम केला: ‘हे बघा’ म्हणायचं नाही, वस्तूचं नाव घ्यायचं. ‘हे यातून वजा करा’ नाही, तर ‘४८ मधून सरासरी ५० वजा केली, उरले उणे २. उणे २ चा वर्ग ४.’ बोलायला थोडं जास्त लागतं, पण नुसतं ऐकणाऱ्याला वहीत मांडता येतं. गंमत म्हणजे बघणाऱ्यांनाही तेच जास्त कळलं. उलट बाजूही आहे. पडद्यावर लांबलचक वाक्य लिहून तेच वाचून दाखवलं की माणूस धड वाचतही नाही आणि धड ऐकतही नाही. मल्टिमीडियातून माणूस कसा शिकतो यावर रिचर्ड मेयर यांचं काम आहे, त्यात याला वेगळं तत्त्वच मानलंय. म्हणून पडद्यावर फक्त आकडे आणि खुणा, वाक्यं तोंडाने.

तिच्या ‘नेट संपतंय’वरही काम केलं. मी फाइली ५ एमबीपीएसने (दर सेकंदाला ५ मेगाबिट) काढत होतो, दहा मिनिटांचा भाग ३७५ एमबी. दिवसाला दीड जीबीचं पॅक आणि घरात फोन एकच असेल तर हा अत्याचार आहे. काळ्या पाटीवर पांढरं लिहिलेलं, त्यात हलतं काय, एक पेनाचं टोक. ५०० केबीपीएसला काढून बघितलं, ३७-३८ एमबी, अक्षर तितकंच स्वच्छ. माझा चेहरा कोपऱ्यातून काढून टाकला, फक्त पहिल्या वीस सेकंदांना ठेवला. शिवाय प्रत्येक भागाची नुसती आवाजाची फाइल मूडलवर वेगळी ठेवली, चार-पाच एमबीची. नमुन्यात तिला जागा नव्हती, ती मी ‘वाचन साहित्य’ या सदरात घुसवली. कुणी हरकत घेतली नाही, बहुधा कुणी उघडून पाहिलं नाही.

फेब्रुवारीअखेर बावीस भाग झाले. ४ मार्चला हार्ड डिस्क जमा केली, आवक क्रमांक घेतला. आवक क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. मी ठेवला होता म्हणून वाचलो, कारण पंधरवड्याने ‘तुमचं काही आलेलंच नाही’ असं सांगण्यात आलं. आणि डिस्क देताना दुसरी प्रत आपल्याकडे हवीच. तपासणी होऊन परत आलं २२ एप्रिलला, ४९ दिवसांनी. नऊ दुरुस्त्या. चार लोगोच्या.

पाचवी मात्र लाज आणणारी होती, आणि ती तपासणाऱ्यांच्या आधी एका विद्यार्थ्याने पकडली होती. दुसऱ्या मागाच्या उदाहरणात फरकांच्या वर्गांची बेरीज १००० येते. भाग ७ मध्ये मी तिला ५ ने भागलं, उत्तर १४.१४. भाग ८ मध्ये त्याच आकड्यांना ४ ने भागलं, उत्तर १५.८१. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. सगळ्या पाच दिवसांचाच हिशोब असेल तर ५, आणि ते पाच दिवस नमुना म्हणून घेऊन पुढचा अंदाज करायचा असेल तर एक कमी. पण मी हे कुठेच सांगितलं नव्हतं. वर्गात पोरगं हात वर करतं, आपण दोन मिनिटांत सावरतो. व्हिडिओत ती चूक बावीस भाग होईपर्यंत शांत बसून राहते. भाग ८ ला सुरुवातीची दोन मिनिटं नवी जोडली.

मध्ये निवडणूक आली. सोलापुरात ७ मे ला मतदान होतं, एप्रिलपासून प्रशिक्षणं, मग साहित्य घेणं, केंद्रावर मुक्काम, रात्री उशिरा यंत्रं जमा करणं. त्या पंधरा दिवसांत दुरुस्त्या झाल्या नाहीत. ९ मे ला पहाटे पुन्हा चादरींच्या खोलीत बसलो तेव्हा साडेपाचलाच घाम धारेला होता. भाग १७ च्या शेवटी माझा आवाज दमलेला आहे, तो तसाच आहे.

सबटायटल मी गुगल डॉक्सच्या मराठी व्हॉइस टायपिंगने केली. व्हिडिओ लावून तो ऐकत सावकाश पुन्हा बोलायचं. ऐंशी टक्के बरोबर येतं, उरलेल्या वीसांत मजा. ‘बहुलक’चं दर वेळी ‘बाहुली’ झालं. ‘कारखान्यात सर्वाधिक वेळा आढळणारी बाहुली’ हे वाक्य मी दोन वेळा वाचलं आणि पुढे गेलो, तिसऱ्यांदा लक्षात आलं. पुन्हा करायची वेळ आली तर संहिता संपूर्ण टाइप करूनच बसेन, सबटायटलचे निम्मे तास वाचतात.

शेवटचा धक्का जूनमध्ये. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाची रचना येणार होती, घटकांचा क्रम बदलला. सहसंबंध पुढे गेला, आलेख मागे आले. माझ्या सुदैवाने भाग लहान होते, पत्ते पिसल्यासारखे नव्या क्रमाने लावता आले. दुर्दैव असं की सात ठिकाणी मी ‘मागच्या व्हिडिओत आपण पाहिलं’ म्हटलं होतं आणि दोन ठिकाणी ‘घटक तीन’. ती वाक्यं एकेक करून कापली. तेव्हा व्हिडिओत घटकाचा क्रमांक, सेमिस्टर, सण, साल, ‘काल’, ‘मागच्या वेळी’ यांतलं काहीही बोलू नका. क्रमांक फाइलच्या नावात ठेवा, तिथे बदलायला अर्धं मिनिट लागतं.

मानधनाचं बिल २८ जूनला दिलं: पॅन, रद्द केलेला चेक, पाच हजारांच्या वरची पावती म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून त्यावर सही. पंधरा दिवसांनी बिल परत आलं, सही स्टॅम्पवर अर्धी आणि कागदावर अर्धी नव्हती, पूर्ण स्टॅम्पवरच होती. दुसरं दिलंय. फाइल सध्या ‘वर’ आहे.

चादरी उतरवून धुतल्या. दोन जुन्या चादरींना दोरीपाशी भोकं पडलीत, बाकीच्या नऊ परत कपाटात गेल्या. कुंभारीची ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे, या वर्षी मी तिला शिकवत नाही. परवा पार्किंगमध्ये भेटली तर म्हणाली, ‘सर, भाग नऊमध्ये मागं माग चालू आहे.’

मी म्हटलं, हो, त्या दिवशी शेजारी लवकर सुरू झाले, तेवढं साफ करायचं राहिलं.

‘राहू द्या की. आई म्हणत होती, टॉवेलचा आहे, चादरीचा नाही.’

मी शेजारी जाऊन विचारलं. टॉवेलचाच होता.